प्लूटो : गणित आणि दृक्प्रत्यय

१९११ सालच्या मे महिन्यात फ्रान्समधील ज्योतिर्विद मंडळाच्या मासिकात एका भारतीय गणितज्ञाचा लेख प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. त्यांचा जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. पेशा मुंबई इलाख्यातील शिक्षकाचा. आणि ध्यास मात्र ग्रहगणिताचा. जुन्या करणग्रंथांवरून केलेल्या पंचांगात ग्रह जेथे दाखविलेला असे, तेथे तो आकाशात दिसत नसे. ही विसंगती दूर व्हावी म्हणून केतकरांनी अर्वाचीन वेधांचा आधार घेऊन ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी’ यांसारखे ग्रंथ रचले. गणिताने काढलेले स्थान आणि डोळ्यांना दिसणारे स्थान यांचा मेळ बसणे याला आपल्याकडील ज्योतिषी दृक्प्रत्यय म्हणतात. केतकरांचे आयुष्य या दृक्प्रत्ययाचा आग्रह धरण्यात गेले.

फ्रेंच मासिकातील त्या लेखात मात्र कोणीही न पाहिलेल्या ग्रहांची चर्चा होती. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे केतकरांचे अनुमान होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावेही दिली होती. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत एक सुबक प्रमाण आहे, हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने पूर्वी दाखविले होते. तसेच प्रमाण सूर्यमालेच्या बाहेरच्या ग्रहांतही असले पाहिजे, अशा कल्पनेवर केतकरांनी आपले गणित उभारले. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर एक मानले, तर ब्रह्म्याचे सरासरी अंतर ३८.९५ आणि सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्याचा काळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे उत्तर आले.

एकोणीस वर्षांनी, १९३० साली, नेपच्यूनपलीकडे खरोखरच एक ज्योती सापडली. तिला प्लूटो हे नाव मिळाले. तिचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४८ वर्षे ठरला. केतकरांच्या आकड्यांशी हे आकडे ताडून पाहिले म्हणजे कोणाही मराठी माणसाची छाती अभिमानाने भरून यावी, हे स्वाभाविक आहे. प्लूटोचे भाकीत एका महाराष्ट्रीय पंडिताने आधीच केले होते, असे अनेकदा सांगितलेही जाते. पण हे भाकीत खरे ठरले असे म्हणावे, की केवळ जुळले असे म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्लूटोच्या शोधाची सारी हकीकत पाहावी लागते. आणि त्या हकीकतीत गणित चुकलेले केतकर हे एकटेच नाहीत.

या हकीकतीचा आरंभ प्लूटोच्या कितीतरी आधी होतो. १३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधील बाथ गावी विल्यम हर्षल यांना दुर्बिणीतून एक नवा ग्रह दिसला. जगाने त्याला युरेनस म्हटले. मराठीने मात्र शोधकाचेच नाव ग्रहाला देऊन त्याला हर्षल केले. पुढे हा हर्षल ठरलेल्या वाटेने चालेना. गणिताने सांगितलेल्या स्थानाहून तो किंचित पुढेमागे दिसू लागला. त्याला ओढणारा कोणी अज्ञात ग्रह पलीकडे असला पाहिजे, असा तर्क करून फ्रान्समधील लव्हेरिए यांनी त्या ग्रहाचे स्थान गणिताने काढले. इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स यांनीही स्वतंत्रपणे हाच उद्योग केला होता. लव्हेरिएंचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोहोचले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गाले यांना सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आतच नेपच्यून सापडला. गणिताचा याहून मोठा विजय माणसाने तोपर्यंत पाहिला नव्हता.

मोठ्या विजयाचा एक धोका असतो. जी युक्ती एकदा फळली, ती पुन्हा फळणारच असे वाटू लागते. नेपच्यूनचे वजन हिशेबात धरूनही हर्षलच्या गतीत थोडी बाकी उरतेच, असे काही ज्योतिर्विदांना वाटले. ही बाकी अत्यंत सूक्ष्म होती. वेध घेणाऱ्याच्या चुकीएवढीच. तरीही तिच्यावरून नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे भाकीत करण्याची जणू चढाओढ लागली. हार्वर्डचे विल्यम पिकरिंग यांनी एक नव्हे, अनेक ग्रह सुचविले. परंतु या छंदापायी ज्याने आपले आयुष्य आणि संपत्ती ओतली, तो पुरुष म्हणजे पर्सिव्हल लोवेल.

लोवेल हे बोस्टनच्या एका धनाढ्य आणि विद्वान घराण्यातले. मंगळावर कालवे आहेत आणि ते बुद्धिमान प्राण्यांनी खणले आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती. मंगळाच्या वेधासाठी त्यांनी १८९४ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना प्रांतात फ्लॅगस्टाफ येथे स्वतःच्या खर्चाने वेधशाळा बांधली. कालव्यांच्या मतामुळे शास्त्रज्ञांत त्यांची बरीच थट्टा झाली. नवा ग्रह शोधून ती भरून काढण्याची ईर्ष्या त्यांच्या मनात असल्यास नवल नाही. अज्ञात ग्रहाला त्यांनी ‘क्ष ग्रह’ म्हटले आणि १९०६ च्या सुमारास शोध आरंभला. एलिझाबेथ विल्यम्स या विदुषीच्या देखरेखीखाली गणिताच्या चोपड्याच्या चोपड्या भरल्या गेल्या. १९१५ साली लोवेल यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मते हा ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ सातपट जड होता.

नियतीची थट्टा अशी, की त्याच १९१५ सालच्या मार्च व एप्रिल महिन्यांत त्यांच्या वेधशाळेत घेतलेल्या छायाचित्रांत प्लूटोचा बिंदू उमटला होता. तो इतका मंद होता, की कोणाच्याही लक्षात आला नाही. सातपट जड ग्रह शोधणारी दृष्टी इतक्या क्षुद्र ठिपक्यावर थांबणार तरी कशी? १२ नोव्हेंबर १९१६ रोजी लोवेल वारले. मृत्युपत्रावरून त्यांच्या पत्नीचा आणि वेधशाळेचा दावा वर्षानुवर्षे चालला, आणि नव्या ग्रहाचा शोध दप्तरी पडून राहिला.

तो पुन्हा सुरू झाला १९२९ साली, आणि सुरू करणारा होता एक शेतकऱ्याचा मुलगा. क्लाइड टॉम्बॉ यांचा जन्म १९०६ चा. कॅन्सस प्रांतात त्यांच्या वडिलांची शेती होती. एके वर्षी गारपिटीने उभे पीक झोडपून काढले आणि मुलाला महाविद्यालयात पाठविण्याचा बेत मोडला. या मुलाला आकाशाचे वेड होते. जुन्या मोटारीचे आणि शेतीच्या अवजारांचे भाग जुळवून, आरसा हाताने घासून, त्याने स्वतःची दुर्बीण केली. तिच्यातून पाहिलेल्या मंगळाची आणि गुरूची चित्रे काढून त्याने ती फ्लॅगस्टाफला पाठवून दिली. वेधशाळेचे संचालक स्लायफर यांना अशाच माणसाची गरज होती: पदवी नसली तरी चालेल, पण नजर स्वच्छ हवी आणि कंटाळा ठाऊक नसावा. १९२९ च्या जानेवारीत बावीस वर्षांचा टॉम्बॉ रेल्वेने फ्लॅगस्टाफला येऊन दाखल झाला.

त्याच्याकडे आलेले काम कोणालाही नकोसे वाटावे असे होते. तेरा इंची भिंगाच्या नव्या दुर्बिणीतून आकाशाच्या एकेका भागाचे छायाचित्र मोठ्या काचेवर घ्यावयाचे. काही दिवसांनी त्याच भागाचे दुसरे छायाचित्र घ्यावयाचे. आणि मग दोन्ही काचा एका यंत्रात शेजारी ठेवून त्या आलटूनपालटून पाहावयाच्या. तारे जागचे हलत नाहीत. ग्रह असेल तर तेवढाच एक ठिपका उडी मारल्यासारखा इकडून तिकडे जातो. एकेका काचेवर तारे हजारांनी नव्हे, लाखांनी मोजावेत इतके. थंडीच्या रात्री घुमटाखाली उभे राहून काचा भरावयाच्या आणि दिवसा डोळे फुटेपर्यंत त्या तपासावयाच्या, असा टॉम्बॉचा नित्यक्रम होता.

या कामात त्याने आपल्या बुद्धीची भर घातली. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान हिंडणारे लघुग्रहही काचेवर जागा बदलतात आणि पाहणाऱ्याला चकवितात. टॉम्बॉने आकाशाचा सूर्याच्या बरोबर समोरचा भागच टिपावयाचा असा नेम केला. त्या स्थितीत ग्रह किती सरकला यावरून तो किती दूर आहे हे ताबडतोब कळते: जवळचा अधिक सरकतो, दूरचा थोडा. शिवाय लोवेल यांनी सांगितलेल्या जागेपुरता शोध मर्यादित न ठेवता, ग्रह ज्या पट्ट्यातून फिरतात तो सारा राशिपट्टा पिंजून काढावयाचे त्याने ठरविले. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टॉम्बॉने गणितावर सर्वस्वी भिस्त ठेवली नाही.

१९३० च्या जानेवारीत २३ आणि २९ या तारखांना मिथुन राशीतील एका भागाची छायाचित्रे घेतली गेली. १८ फेब्रुवारी रोजी दुपारी चारच्या सुमारास त्या काचा तपासत असताना एक अंधुक ठिपका दोन्ही चित्रांत जागा बदलताना टॉम्बॉला दिसला. सरक होती जेमतेम साडेतीन मिलिमीटरची. म्हणजे वस्तू नेपच्यूनच्याही पलीकडची. त्याने तिसरी काच काढून खात्री केली आणि मग संचालकांच्या खोलीत जाऊन ‘क्ष ग्रह’ सापडल्याची वार्ता सांगितली. काही आठवडे पुढचे वेध घेऊन १३ मार्च १९३० रोजी शोध जाहीर झाला. तो दिवस लोवेल यांच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनाचा, आणि हर्षल ग्रहाच्या शोधाचाही वाढदिवस होता.

ऑक्सफर्डमध्ये सकाळच्या न्याहारीच्या वेळी एका निवृत्त ग्रंथपालांनी ही बातमी घरात वाचून दाखविली. त्यांची अकरा वर्षांची नात व्हेनेशिया बर्नी हिने प्लूटो हे नाव सुचविले. प्लूटो हा रोमन पुराणातील पाताळाचा स्वामी. सूर्यापासून इतक्या दूरच्या अंधारात राहणाऱ्याला हे नाव शोभणारे होते. आजोबांनी ते आपल्या ज्योतिर्विद स्नेह्यांना कळविले, त्यांनी तारेने अमेरिकेस धाडले, आणि वेधशाळेने ते स्वीकारले. नावाची पहिली दोन इंग्रजी अक्षरे पर्सिव्हल लोवेल यांचीच आद्याक्षरे होती, हाही योग जुळून आला.

सर्वत्र जयजयकार चालू असतानाच जाणत्या गणितज्ञांच्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली होती. प्लूटो लोवेल यांनी सांगितलेल्या जागेपासून सुमारे सहा अंशांवर सापडला होता, हे खरे. पण तो अपेक्षेहून कितीतरी मंद होता, आणि मोठ्या दुर्बिणीतूनही त्याची चकती दिसत नव्हती. इतकी लहान वस्तू हर्षलसारख्या प्रचंड ग्रहाला खेचील कशी? येल विद्यापीठाचे अर्नेस्ट ब्राउन यांनी लवकरच दाखवून दिले, की लोवेल यांचे भाकीत जुळले तो निव्वळ योगायोग होता. प्लूटोच्या वजनाचा अंदाज पुढे दर पिढीला घटतच गेला. २२ जून १९७८ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतील जेम्स क्रिस्टी यांना प्लूटोच्या छायाचित्रात एका बाजूला फुगवटा दिसला. तो त्याचा चंद्र होता. त्याला शॅरन हे नाव मिळाले. तो साडेसहा दिवसांहूनही कमी काळात प्लूटोभोवती फिरतो, आणि त्याच्या गतीवरून प्लूटोचे खरे वजन अखेर हाती आले. ते पृथ्वीच्या सातपट तर नव्हतेच. पृथ्वीच्या सुमारे साडेचारशेवा भाग एवढेच ते आहे. व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहूनही लहान.

मग हर्षलला ओढत होते कोण? उत्तर आले नेपच्यूनकडूनच. १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर-२ हे यान नेपच्यूनजवळून गेले आणि त्या ग्रहाचे वजन पूर्वीच्या समजुतीहून सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी भरले. १९९३ साली माइल्स स्टँडिश यांनी हा नवा आकडा घेऊन हर्षलच्या गतीचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा ती कोड्यात टाकणारी बाकी नाहीशी झाली. ‘क्ष ग्रह’ कधी नव्हताच. ज्या खुणेवरून लोवेल माग काढीत होते, ती खूणच खोटी होती. आणि त्या खोट्या खुणेवरून निघालेल्या वाटेवर एक खरी वस्तू उभी होती.

ती वस्तू एकटीही नव्हती. १९९२ च्या ऑगस्टमध्ये हवाई बेटावरील मौना केआ पर्वतावरून डेव्हिड ज्यूइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक बर्फाळ गोळा सापडला. त्यानंतर अशा शेकडो गोळ्यांची नोंद झाली. सूर्यमाला घडताना उरलेल्या हिमखंडांचा तो एक विस्तीर्ण पट्टा आहे आणि प्लूटो हा त्यातलाच एक थोर रहिवासी आहे, हे उघड झाले. २००५ साली प्लूटोहूनही जड असा एरिस सापडला. तेव्हा दोहोंना ग्रह म्हणावे की कोणालाच म्हणू नये, हा निर्णय टाळता येईना. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ग्रहाची व्याख्या ठरविली. आपल्या कक्षेचा परिसर ज्याने मोकळा केला आहे तोच ग्रह, या अटीत प्लूटो बसला नाही आणि त्याला बटुग्रह म्हणण्यात आले. अनेकांना हा अन्याय वाटला. परंतु निर्णय जाहीर झाल्याने आकाशातील एक कणही बदलला नाही. बदलली ती माणसाची नोंदवही.

त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यू होरायझन्स हे यान प्लूटोकडे निघाले होते. टॉम्बॉ १९९७ साली निवर्तले होते. त्यांच्या अस्थींचा अंश या यानात ठेवलेला होता. साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर १४ जुलै २०१५ रोजी यान प्लूटोच्या पृष्ठभागापासून साडेबारा हजार किलोमीटरांवरून गेले. तेथून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने येऊनही पृथ्वीवर पोहोचावयास साडेचार तास लागत. आलेल्या चित्रांत गोठलेल्या नायट्रोजनचे विस्तीर्ण मैदान होते आणि त्याच्या कडेला खडकासारख्या कठीण झालेल्या पाण्याच्या बर्फाचे पर्वत होते. मेलेला, निश्चल गोळा पाहावयास मिळेल असे अनेकांना वाटले होते. तेथे हिमनद्या वाहत होत्या. २०१७ साली मान्य झालेल्या नावांत एका पर्वतरांगेला तेनसिंग नोर्गे यांचे नाव मिळाले. १९५३ साली त्यांच्याबरोबर एव्हरेस्ट चढणाऱ्या हिलरींचे नाव शेजारच्या रांगेला आहे. टॉम्बॉ आणि व्हेनेशिया बर्नी यांचीही नावे त्या भूमीवर आहेत.

भारतातूनही प्लूटोचे वेध घेतले गेले आहेत. ६ जून २०२० रोजी प्लूटो एका ताऱ्याच्या आड आला, तेव्हा नैनितालजवळील देवस्थळ येथील दुर्बिणींनी त्या ताऱ्याचा प्रकाश कसा मावळला आणि पुन्हा कसा उजळला हे टिपले. त्यावरून प्लूटोच्या विरळ वातावरणाचा दाब काढण्यात आला. तो पृथ्वीवरील दाबाच्या ऐंशी हजाराव्या भागाहूनही कमी भरला.

आता केतकरांकडे पुन्हा वळता येईल. त्यांचे दोन आकडे जुळले, असे म्हणतात. वस्तुतः जुळला तो एकच. ग्रहाचे अंतर ठरले की त्याचा प्रदक्षिणाकाळ केप्लरच्या नियमाने आपोआप ठरतो. त्यामुळे एका आकड्याबरोबर दुसरा येणारच. ग्रह आकाशात कोठे पाहावा हे केतकरांनी सांगितले नव्हते, म्हणून त्या लेखावरून कोणालाही दुर्बीण रोखता आली नसती. ज्या प्रमाणावर त्यांनी भिस्त ठेवली, ते प्रमाण बाहेरच्या ग्रहांत नाही, आणि त्यांचा विष्णू कधीच सापडला नाही. त्या काळी नेपच्यूनपलीकडे इतके बाण सोडले गेले होते, की एखादा लक्ष्याजवळ पडणे अगदी अशक्य नव्हते.

दुसरी बाजूही तितक्याच निष्ठेने सांगितली पाहिजे. बाहेरच्या ग्रहांच्या गती एकमेकींशी पूर्णांकांच्या प्रमाणात बांधलेल्या असाव्यात, ही केतकरांची जाण अगदीच वाया जाणारी नव्हती. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात, हे १९६५ साली गणिताने सिद्ध झाले. या बंधनामुळेच नेपच्यूनची कक्षा ओलांडूनही प्लूटो त्याच्यावर कधी आदळत नाही. केतकरांनी मांडलेले प्रमाण हे नव्हे. पण त्यांनी दार ठोठावले ते रिकाम्या घराचे नव्हते.

प्लूटोचा शोध जाहीर झाला, त्याच १९३० सालच्या ऑगस्टमध्ये केतकर निवर्तले. त्यांना प्लूटोच्या शोधकाचे स्थान देणे हे त्यांच्याच शिकवणुकीला धरून होणार नाही. पंचांगाचे गणित कितीही पवित्र आणि पूर्वजांचे असले, तरी आकाशाशी ते जुळत नसेल तर बदलले पाहिजे, हे त्यांनी आपल्या समाजाला जन्मभर सांगितले. तीच कसोटी त्यांच्या ब्रह्म्याला लावली पाहिजे, आणि लोवेल यांच्या ‘क्ष ग्रहा’लाही. त्या कसोटीला दोघांचीही गणिते उतरत नाहीत. उतरतो तो कॅन्ससच्या शेतकऱ्याचा मुलगा. प्लूटो सापडल्यावरही तो थांबला नाही. पुढे १९४३ पर्यंत आणखी ग्रह आहे का हे पाहण्यासाठी त्याने हजारो तास काचा तपासल्या, आणि नाही असे दिसल्यावर नाही असे सांगितले.

प्लूटो अजून आपल्या वाटेवरच आहे. १९३० साली तो आकाशात जेथे दिसला, तेथे त्याची फेरी पुरी होऊन तो पुन्हा येईल तो २१७८ च्या सुमारास. तोवर त्याला लोक काय म्हणतील, हे सांगता येत नाही. तो कोठे असेल, ते मात्र सांगता येते. कारण ते आता गणिताने काढलेले आहे आणि डोळ्यांनी पडताळलेलेही आहे.